रंगमास्तरचा मुलगा

आमच्या श्रीकृष्णाला रंगातलं सगळं कळायचं आणि माणसातलं काही म्हणजे काही कळायचं नाही. सख्खा धाकटा भाऊ आहे माझा, कडेवर घेऊन वाढवलाय मी त्याला, तेव्हा एवढं बोलायचा हक्क आहे मला. शारदेला, म्हणजे त्याच्या बायकोला, माझं असं बोलणं आवडत नाही. न आवडू दे. खोटं बोलतेय का मी, ते सांग म्हणावं.

मिलमध्ये तो रंगखात्याचा मास्तर होता. इंदूरच्या कापड मिलांमध्ये त्याच्या डोळ्याचं नाव होतं. व्यापाऱ्याने बोटाएवढी चिंधी आणून दिली की हा ती उत्तरेच्या खिडकीशी धरायचा. थेट ऊन पडलं की रंग खोटं बोलतो म्हणे, उत्तरेच्या उजेडात खरं बोलतो. मग सांगायचा, यात निळं जरा जास्त आहे, पिवळं वाढवा. आणि कापडाचं अख्खं थान रंगून बाहेर आलं की चिंधी त्यावर ठेवल्यावर शोधूनही सापडायची नाही. छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीतल्या बायका साडीवर ब्लाउजपीस घ्यायचा झाला तरी आधी आमच्या ओट्यावर येऊन विचारायच्या, मास्टरजी, ये चलेगा क्या? हा नाक मुरडून 'नहीं' म्हणाला की त्या बिचाऱ्या परत बाजारात जायच्या.

आमचे आजोबा होळकरांच्या कचेरीत बसलेले, वडील शाळामास्तर, मीही मुलींच्या शाळेत शिकवायचे. घरातून मिलमध्ये गेलेला हा एकटाच. ते त्याला आतून टोचायचं, म्हणून कुणी 'मजूर' म्हटलं की हा तापायचा. मास्तर म्हणा म्हणायचा. आम्ही म्हणायचो. मास्तर तर मास्तर, आमच्या बापाचं काय जातंय!

मग मिल बंद पडली. एका सकाळी गेटला कुलूप आणि बाहेर हे सगळे उभे. आज उघडेल, उद्या उघडेल, दिल्लीहून कुणी येतंय, असं करता करता साल उलटलं. पेपरात रोज यायचं की देश खुला झाला, बाहेरच्या कंपन्या येणार. आल्या ना! नुक्कडवर परदेशी सरबतांच्या बाटल्या आल्या, गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं बूथ आलं. रंगखातं तेवढं परत आलं नाही. श्रीकृष्ण पहाटे उठून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांना नावं ठेवायचा. दुसरं काय करणार? त्याला तेवढंच येत होतं.

नचिकेत त्यांचा एकुलता एक. पोरगा गुणी, शांत, उलटून बोलायचं माहीत नाही. लहान असताना शारदा त्याला तिच्या मावशीकडे मुंबईला घेऊन गेली होती. तिथे समुद्र बघितला आणि कार्टं किनाऱ्यावरून हलेचना. शारदा म्हणते, शेवटी फरफटत आणला. तेव्हापासून एकच धोशा, मी जहाजावर जाणार. इंदूरच्या पोराने जहाजावर जायचं! इथे खान नदीत म्हैस बुडेल एवढं पाणी नाही. पण बारावी झाला, पेपरात जहाज कंपनीची जाहिरात आली, आणि श्रीकृष्णालाही पटलं. मुलगा जहाजावर अधिकारी, पांढरा गणवेष, खांद्यावर पट्ट्या. मिल गेली त्याचं सगळं उट्टं त्याला त्या पट्ट्यांमध्ये दिसायला लागलं. घरात मग दुसरा विषयच नाही.

माझ्या मनात मात्र एक शंका होती, आणि ती मी बोलून दाखवली होती. एकदा नव्हे, दहादा. पोरगा चौथीत असताना त्याने आंब्याचं झाड काढलं आणि पानं चॉकलेटी रंगवली. मी शाळेतली बाई, पोरांची चित्रं बघण्यात जन्म गेला माझा. मी म्हटलं, अरे, वाळलंय का झाड? तो म्हणाला, नाही आत्या, चांगलं हिरवं आहे. एकदा खजरान्याला गणपतीला गेलो, तर शारदेने त्याला समोरच्या दुकानातून हिरव्या बांगड्या आणायला पाठवलं. घेऊन आला विटकरी. सगळे हसले. मी नाही हसले. घरी आल्यावर श्रीकृष्णाला म्हटलं, "तुकोगंजात डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत. एकदा दाखवून आण."

"ताई, माझ्या मुलाला डॉक्टर रंग शिकवणार?" तो म्हणाला. "अगं, खात्यात आलेला प्रत्येक पोरगा आंधळाच असतो. लाल म्हणजे लाल, एवढंच त्याला कळतं. वर्षभर माझ्या हाताखाली राहिला की एका लालात दहा लाल बघतो. डोळा कच्चा असतो, पिकवावा लागतो. बघ तू."

आता याला काय बोलणार! खरंच त्याने कितीतरी पोरांचे डोळे असे पिकवले होते. दुसरा कुणी बाप असता, शिंपी, कारकून, हलवाई, कुणीही, तर निमूट डॉक्टरकडे गेला असता. हा रंगमास्तर होता ना! त्याच्या लेखी न शिकलेला डोळा होता, अधू डोळा असा काही प्रकारच नव्हता.

जाहिरात आल्यावर त्याने गच्चीवर शाळाच मांडली. ऊन चढायच्या आधी दोरीवर चिंध्या लावायच्या, मिलमधून आणलेल्या, ट्रंकभर होत्या. नचिकेतने एकेक उतरवून नाव सांगायचं. सुरुवातीला पार गोंधळ. श्रीकृष्ण ओरडायचा, शारदा खाली स्वयंपाकघरात हातातलं लाटणं तसंच धरून ऐकत राहायची. मी म्हणायचे, वैताग आहे नुसता, पोराचा जीव घेतोस का? पण महिना-दोन महिने गेले आणि नचिकेत बरोबर सांगायला लागला. मग भराभरा सांगायला लागला. लाल, मेंदी, शेवाळी, विटकरी, पोपटी. श्रीकृष्ण गच्चीवरूनच मला हाका मारायचा, "ताई, ऐक! ऐकतेस ना?" एवढा आनंद मिलमध्ये बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता त्याला. मला वाटलं, असेल बाबा, आपल्याला काय कळतं.

मुंबईला तपासणी झाली, पोरगा पास झाला. तिथे ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक दाखवतात आणि ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायला लावतात. ते कसं जमलं, हे पुढे कळलं. रांगेतली पोरं आत जाऊन आली की बाहेरच्यांना आकडे सांगायची, पहिल्या पानावर हा, दुसऱ्यावर तो. नचिकेतने घोकले आणि म्हणून दाखवले. लबाड नव्हता हो पोरगा. बापाने सांगितलं होतं ना, डोळा पिकतोय म्हणून. त्याला वाटलं, थोडा कच्चा राहिलाय, तोवर काम निभावून नेऊ.

आम्ही खजरान्याला जाऊन पेढे ठेवले. स्टेशनवर पोचवायला निम्मी गल्ली आली. "भिया, वहाँ जाके भूल मत जाना," म्हणत पोरांनी त्याला खांद्यावर घेतला. श्रीकृष्ण नुसता मुलाच्या कॉलरचा पांढरा रंग बघत होता. मला म्हणाला, "निळीचा हात जरा जास्त पडलाय." आणि डोळे पुसले.

मग पत्रं यायला लागली. कॅडेट म्हणजे शिकाऊ अधिकारी, पण काम पडेल ते. दिवसा डेकवरचा गंज खरवडायचा आणि वर रंग मारायचा. हे वाचून श्रीकृष्ण खो खो हसला, म्हणाला, फिरून फिरून रंगखात्यातच गेला की! दिवसातून एक पाळी ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे. पण पत्रभर कामाचं कमी आणि समुद्राचंच जास्त. सकाळचा कसा, दुपारचा कसा, एडनच्या पुढे कसा, पाऊस दूरवर पडत असताना कसा. आमचा मुखदुर्बळ नचिकेत एवढं लिहू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. शारदेला मी एकेक पत्र दोनदोनदा वाचून दाखवायचे. मी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, पण त्या पोराच्या पत्रांमुळे मला त्याची ओळख झाली.

वर्ष भरत आलं होतं. एका दुपारी बूथवाला गल्लीतून धावत आला, "मास्टरजी, जल्दी! सिंगापूर से फोन है!"

आम्ही तिघंही धावलो. श्रीकृष्णाने रिसीव्हर घेतला. मी अगदी कानाला कान लावून उभी होते, त्यामुळे ऐकलं बहुतेक सगळं.

झालं होतं असं. सिंगापूरच्या अलीकडे दिवेलागणीच्या वेळेला नचिकेत ब्रिजवर होता. जहाजांना रात्री एका अंगाला लाल दिवा असतो, एका अंगाला हिरवा. समोरच्याचा कुठला दिवा दिसतो, यावरून ते जहाज कुठे चाललंय आणि वळायचं कुणी, हे कळतं. उजव्या हाताला एक दिवा दिसला. नचिकेतने सांगितलं, हिरवा. अधिकाऱ्याने दुर्बीण लावली. लाल होता. जहाज आडवं येत होतं. त्याने वेळेवर वळवलं, निभावलं. दुसऱ्या दिवशी कप्तानाने नचिकेतला बोलावून टेबलावर खुणेचे झेंडे पसरले आणि नावं विचारली. तिथे घोकलेलं काही कामाला आलं नाही.

"ते रागावले नाहीत, बाबा," नचिकेत सांगत होता. "म्हणाले, ब्रिजवर तुला ठेवता येणार नाही, इंजिनातही नाही. पण भटारखान्यात जागा आहे. आधी वाढपी, मग कुक होता येतं. तिथे रंगाचं काही लागत नाही, कंपनीला मी कळवतो म्हणाले. परवा जहाज निघायच्या आत सांगायचंय. मी करतो, बाबा. मला चालेल."

"वाढपी?" श्रीकृष्ण म्हणाला. एवढाच शब्द, पण बूथमधला पोरगासुद्धा दचकला. "होळकरांच्या कचेरीत बसलेल्या माणसाचा पणतू जहाजावर लोकांची ताटं उचलणार?"

"बाबा, मला जहाजावर राहायचंय."

"आणि त्या कप्तानाला काय कळतं रंगातलं? रात्रीच्या दिव्यात कुणी रंग बघतं का? तू ये घरी. वर्षभर सराव सुटलाय, डोळा मंदावलाय. महिन्याभरात सरळ करून देतो."

मी म्हटलं, "श्रीकृष्णा, अरे तो काय म्हणतोय ते ऐक! राहू दे त्याला तिथे. वाढपी तर वाढपी, काय चोरी करतोय?" आणि रिसीव्हरला हात घातला. त्याने माझा हात झटकला, मोठ्या बहिणीचा, भर बूथमध्ये. "तू ये," एवढं म्हणून त्याने फोन ठेवून दिला. पलीकडून पोरगा काय म्हणाला, हे कुणालाच ऐकू आलं नाही.

दुसरा कुणी असता तर बापाला गुंडाळून ठेवून राहिला असता तिथेच. पण आमचा हा गुणी बाळ! आला. काळा पडला होता, खांदे रुंद झाले होते, दाराच्या चौकटीतून आत येताना जहाजावरच्या सवयीने मान खाली घातली. शारदेने त्याच्या आवडीचं सगळं केलं, तो निमूट जेवला. समुद्राबद्दल अक्षर बोलला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "राहू दे ना, आत्या."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकृष्णाने गच्चीवर दोरी बांधली! मी म्हटलं, आता मात्र हद्द झाली. चहाचा कप हातात घेऊन वर गेले, आज भांडायचंच म्हणून. शारदाही मागून आली. नचिकेत एकेक चिंधी उतरवत होता आणि सांगत होता. लाल. शेवाळी. विटकरी. मेंदी. एक चूक नाही. श्रीकृष्णाचा चेहरा असा फुलला की माझ्याने तोंडच उघडवेना.

"बघा! बघितलंत?" तो म्हणाला. "कप्तान पागल आहे. उद्याच्या गाडीने मुंबईला जातो आणि कंपनीतच विचारतो, माझ्या मुलाला आंधळा ठरवणारा तू कोण?"

"बाबा, नका जाऊ," नचिकेत म्हणाला. "या मला हाताने कळतात."

"काय?"

"लाल आहेत त्या सगळ्या अस्तराच्या आहेत, करकरीत. शेवाळीचं कापड मऊ आहे. विटकरीला वास येतो. मेंदी जरा जाड आहे. पहिल्यापासून असंच ओळखतो मी. तुम्ही इतके खूश व्हायचात... मला वाटायचं, सगळे असेच ओळखत असतील. शिकणं म्हणजे हेच असेल."

शारदेने दोरीवरची एक चिंधी बोटांत धरून चोळून बघितली. मला वाटलं, श्रीकृष्ण आता चिडणार, पण तो खाली निघून गेला. दिवसभर ओट्यावरही बसला नाही. संध्याकाळी बाजारातून रंगाच्या पुड्या घेऊन आला आणि मागच्या मोरीत स्टोव्ह पेटवून बसला. त्याचं एक जुनं धोतर होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याचे दोन तुकडे केले. एक पातेलं या रंगाचं, एक त्या. बुडवायचा, काढायचा, उजेडाकडे धरायचा, मान हलवायचा, परत बुडवायचा. मिल बंद झाल्यापासून त्याला असं काम करताना मी पाहिलं नव्हतं. किती नीट करत होता! एकाच कापडाचे तुकडे, एकच पोत, एकच वास, आणि गडदपणा दोन्हीचा तंतोतंत सारखा आला पाहिजे. एक विटकरी लाल, एक शेवाळी हिरवा. शहरात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं ते. आणि करत काय होता, तर स्वतःच्याच मुलाची परीक्षा. मला त्या क्षणी त्याचा राग आला, आणि तरी मी त्याच्याशेजारी चहाचा कप नेऊन ठेवला.

सकाळी तुकडे वाळले. उत्तरेच्या बाजूने स्वच्छ उजेड होता. श्रीकृष्णाने दोन्ही तुकडे शेजारी शेजारी दोरीवर टाकले. माझ्यासारख्या चष्म्यावाल्या म्हातारीलाही जिन्यातून दिसत होतं, हा लाल आणि हा हिरवा.

"सांग," तो म्हणाला.

नचिकेतने हात लावला. वास घेतला. डोळे बारीक करून बघितलं, लांब जाऊन बघितलं, परत जवळ आला. पोरगा मनापासून प्रयत्न करत होता हो, बापासाठी.

"दोन्ही सारखेच आहेत, बाबा," तो म्हणाला.

श्रीकृष्ण कठड्यावर टेकला. रंगाने त्याचे हात कोपरापर्यंत माखले होते. मग अगदी हळू, घाबरत घाबरत विचारल्यासारखं त्याने विचारलं, "मग एवढं पत्रांत लिहायचास ते? समुद्र कसा, पाणी कसं? तुला तिथे दिसायचं काय?"

"समुद्र दिसायचा," नचिकेत म्हणाला. "निळं मला नीट दिसतं, बाबा. तुम्हाला दिसतं तेवढंच दिसत असेल. मुंबईला पहिल्यांदा बघितला ना, तेव्हाच कळलं होतं, इथे आपलं काही चुकत नाही. इतर सगळीकडे मी अंदाजाने सांगतो. तिथे मला सांगावं लागायचं नाही."

मग म्हणाला, "ताटं उचलतानाही दिसला असता."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडायला काहीतरी मिळालं असतं.

श्रीकृष्ण उठला. "चल, फोन लावू," म्हणाला. "मी बोलतो कप्तानाशी. सांगतो, माझी हरकत नाही. वाढपी तर वाढपी. हात जोडतो म्हणावं."

"जहाज गेलं, बाबा. त्या जागेवर गोव्याचा एक जण घेतला. आता कंपनीच्या कागदावर माझ्या नावापुढे शिक्का आहे, आपण होऊन नोकरी सोडली म्हणून. दुसरीकडे कुणी उभं करत नाही."

"मी सांगतो ना! मी सांगतो की त्याने नाही सोडली, मी बोलावला."

"कुणाला सांगणार, बाबा?"

शारदा रडत होती. श्रीकृष्णाने आमच्यापैकी कुणाकडेच बघितलं नाही. जिना उतरला, पायात चपला सरकवल्या आणि रंगाच्या हातांनी तसाच गल्लीत निघाला. बूथ अजून उघडलं नव्हतं. मी वरून बघत होते. तो बंद शटरसमोर जाऊन उभा राहिला, आणि बूथचा पोरगा शटर उघडायला येईपर्यंत तिथून हलला नाही. नंबर कुठला लावणार होता, देव जाणे.